दोन नारळ, एक महाराज

बोरगव्हाण, मंडल बेला
४ ऑक्टोबर २०२६

चि. वामन यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू म्हणशील, अक्काला मोबाईल घेऊन दिला तरी पत्रच लिहिते. अरे, इथे रेंज फक्त मारुतीच्या पारावर येते आणि पारावर केव्हाही दहा जण बसलेले असतात. मागे तिथून तुझ्या मूळव्याधीची चौकशी केली, तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाने तुझ्यासाठी सुरण आणून दिला. म्हणून पत्रच बरं.

काम असं की आपल्या सप्ताहाला यंदा अडतिसावं वर्ष. दत्तजयंतीच्या तिसऱ्या दिवशी काला असतो, तुला ठाऊकच आहे. यंदा अधिक महिना येऊन गेल्यामुळे तो थेट २५ डिसेंबरला येतो. पूर्वी सात दिवसांना सात कीर्तनकार असायचे. आता सहा दिवस आम्ही हरिपाठ आणि भजनावर निभावून नेतो. जुने महाराज एकेक करून गेले. त्यांची मुलं कोणी औषधाच्या दुकानात, कोणी बँकेत. आणि मोबाईलमध्ये दिसतात त्या तरुण महाराजांच्या तारखा दोन वर्षं भरलेल्या असतात. आपलं गाव तेलंगणात आहे म्हटल्यावर ते तर असं विचारतात, जसं काही आपण समुद्रापलीकडे राहतो.

राहता राहिले पैनगंगेपलीकडचे आपले पंढरी महाराज. काल्याचं कीर्तन त्यांच्याशिवाय नाही. गेल्या काल्यालाच यंदाच्या आमंत्रणाचा नारळ त्यांच्या हातात दिला आहे, त्यामुळे मी निश्चिंत आहे. फक्त माझ्यावर त्यांचा एक राग आहे. मला म्हणाले, "बाई, तुमी समोर नका बसत जाऊ. माह्या तोंडातला शब्द तुमच्या ओठावर आधी येते. मंग मले वाटते, आपलं सांगून झालं, अन् मी पुढचं सांगून देतो." आता एकतीस वर्षं तेच कीर्तन ऐकल्यावर ओठ हलणारच. यंदा तोंडाला पदर लावून बसेन म्हटलं.

तर तू निर्मलला पत्रिका छापून घे. महाराजांचं नाव मोठ्या अक्षरात हवं. तू तीस वर्षं महसूल खात्यात गिरदावरी केलीस, कागदाचं काम तुझ्याइतकं कोणाला जमणार?

तुझी
अक्का

निर्मल
११ ऑक्टोबर

ती. अक्कास वामनचा साष्टांग नमस्कार.

पत्र पावलं. वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. आनंद अडतिसाव्या वर्षाचा, काळजी तारखेची.

अक्का, अधिक महिन्याच्या वर्षी तिथीचा भरवसा धरू नये असं जाणकार म्हणतात. २५ डिसेंबरला गावात कापसाची वेचणी ऐन भरात असते, माणसं मिळणार नाहीत. त्यापेक्षा काला आठ दिवस पुढे ढकलला तर? देव भावाचा भुकेला आहे, तारखेचा नाही.

दुसरी गोष्ट सांगू की नको असं झालं आहे, पण तुझ्या भल्यासाठी सांगतो. पंढरी महाराज आता पूर्वीचे राहिले नाहीत. गुडघे गेले आहेत. घसा तर केव्हा बसेल याचा नेम नाही. मधेच विसरतात. शिवाय जिथे मुक्काम करतात तिथे इतके घोरतात की यजमान पहाटे आपणहून काकड्याला जाऊन बसतात. अडतिसाव्या वर्षाला असा धोका कशाला पत्करायचा? यंदा तुम्ही नुसतं भजन करा. त्यात पावित्र्य जास्त आहे.

पत्रिकेचं बघतो. छापखाना सध्या बंद आहे.

तुझा
वामन

बोरगव्हाण
१९ ऑक्टोबर

चि. वामन यास आशीर्वाद.

महाराजांच्या घशाचं वाचून जीव चरकला. लगेच तुझ्या भाच्याला, राजकुमारला ज्येष्ठमध, खडीसाखर आणि गुडघ्याला लावायचं तेल देऊन नदीपलीकडे धाडलं. महाराज म्हणे तेव्हा शेतातल्या बांधावरून मोठ्याने बैल हाकत होते, आणि आवाज नदीच्या अलीकडे राजकुमारला ऐकू आला. घसा सुधारला असावा.

तिथी म्हणजे काही बेल्याची बस नाही, की आज आली नाही तर उद्या येईल. काला त्याच दिवशी.

आता एक गंमत सांगते. आपली नात मयूरी आदिलाबादच्या कॉलेजात जाते, तिच्या वर्गात भाग्यश्री म्हणून तुमच्याच कॉलनीतली मुलगी आहे. तिच्या मोबाईलवर एक पत्रिका आली. मयूरीने मला वाचून दाखवली. मराठी मंडळ, निर्मल, सप्ताह, काला २५ डिसेंबर, कीर्तनकार ह.भ.प. पंढरी महाराज. खाली निमंत्रक म्हणून वामनराव, निवृत्त गिरदावर.

तुमच्या कॉलनीत तुझ्याच नावाचा, तुझ्याच खात्यातला दुसरा कोणी राहतो का? असेल तर त्याला माझा आशीर्वाद सांग आणि विचार, कोणता छापखाना उघडा सापडला ते.

तुझी
अक्का

निर्मल
२६ ऑक्टोबर

ती. अक्कास नमस्कार.

दुसरा कोणी नाही. मीच.

आता सगळी मिसल, सगळे कागद उघडूनच ठेवतो. तीन वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे काल्याला आलो होतो ना, तेव्हाच परतताना महाराजांना आमच्या मंडळासाठी विचारून आलो. तुला सांगितलं नाही, कारण तू परवानगी मागायला लावली असतीस. गेली दोन वर्षं ते आमच्याकडे येतात. आमचा सप्ताह आम्ही तिथीवर करत नाही. सगळे नोकरदार, कोणाला कधी रजा मिळेल सांगता येत नाही. म्हणून नाताळची सुटी धरून २५ डिसेंबर ठरलेला. तुमची तिथी तेव्हा डिसेंबरच्या आरंभी, नाहीतर मध्यावर येऊन जायची. महाराज आधी तुमच्याकडे यायचे, मग आमच्याकडे. कोणालाच काही कळायचं नाही आणि सगळं सुरळीत चाललं होतं. या अधिक महिन्याने घात केला.

गेल्या वर्षी आम्हीही त्यांना नारळ दिला. तुमचा नारळ आधीचा, मान्य. पण आमचा नारळ तारखेचा आहे आणि तारीख लेखी असते. तिथी बदलते हे तर तूच लिहिलं आहेस.

माझी अडचण समजून घे. नवी मुलं मंडळात आली आहेत. व्यंकटेश म्हणून अध्यक्ष आहे, चांगला मुलगा, पण त्याला सप्ताहाच्या जागी आर्केस्ट्रा हवा आहे. म्हणतो, काका, महाराज आले नाहीत तर पुढच्या वर्षीपासून बंद. मी सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून सांगून बसलो आहे, महाराज माझ्या शब्दाबाहेर नाहीत. तू थोरली आहेस. थोरल्यांनी सोडून द्यायचं असतं.

घोरण्याचं मात्र खरं आहे.

तुझा
वामन

बोरगव्हाण
२ नोव्हेंबर

चि. वामन यास आशीर्वाद.

थोरल्यांनी सोडून द्यायचं असतं हे मला चौथीत असताना आईनेही सांगितलं होतं, तू माझी पाटी फोडलीस तेव्हा. तेव्हापासून सोडतेच आहे.

महाराजांशी पारावरून बोलले. सगळ्या पाराने ऐकलं, ऐकू दे. ते म्हणाले, "बाई, एक नारळ तिथीचा, एक तारखेचा. दोघं येका दिवशी येऊन धडकतील हे माह्या ध्यानातच नाई आलं. आता तुमी भाऊ-बहीण ठरवा, मी त्या गाडीत बसतो." म्हणजे लबाड फक्त आपल्याच घरात जन्मतात असं नाही.

आता हसण्यावारी नेऊ नकोस. आपल्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, पहाऱ्यामागून पहारा. काल्याचं कीर्तन झाल्याशिवाय ती ठेवायची नाही, हा नेम तुझ्या भाऊजींनी घातला. ते गेले तेही सप्ताहाच्या चौथ्या दिवशी. त्यांना अंगणातून उचललं तेव्हा देवळात वीणा उभी होती आणि सातव्या दिवशी काला झाल्यावरच ती टेकली. मी तेव्हा मनाशी म्हटलं, माझ्या हयातीत हा नेम मोडायचा नाही. यंदा महाराज आले नाहीत तर वीणा काय म्हणून खाली ठेवायची, हे मला सांग.

भाऊबीज ११ तारखेला आहे. यंदा मला लुगडं नको. ओवाळणीत पंढरी महाराज घाल.

तुझी
अक्का

निर्मल
१३ नोव्हेंबर

ती. अक्कास नमस्कार.

भाऊबीजेला येता आलं नाही, क्षमा असावी. अगदी निघालो होतो, पण उजव्या पायाला अशी सूज आली की चप्पल घालवेना. डॉक्टरांनी घरातला उंबरा ओलांडायला मनाई केली आहे. दिवसभर पाय उशीवर ठेवून तुझी आठवण काढत होतो. लुगडं पार्सलने पाठवतो आहे, रंग तुझ्या आवडीचा आहे.

महाराजांच्या बाबतीत विचार चालू आहे. घाईत निर्णय घेऊ नये.

तुझा
वामन

बोरगव्हाण
२० नोव्हेंबर

चि. वामन यास आशीर्वाद.

पायाची सूज उतरली का? मला वाटतं पैनगंगेच्या पाण्याने उतरली असावी.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी पंढरी महाराजांच्या घरी त्यांच्या पत्नी वनमालाबाईंनी चहा केला. पाहुणा निर्मलहून आला होता. वनमालाबाईंनीच मला कौतुकाने सांगितलं, "तुमचे भाऊ मोठे चपळ हायेत बापा. चार पायऱ्या येका दमात चढले, अन् चढतानीच नारळ पुढं केला." वर महाराजांनी काय म्हटलं तेही सांगितलं. म्हणाले, माझ्या घरात आता तीन नारळ झाले, पण मी एकटाच आहे.

लाज वाटू दे जराशी. बहिणीला ओवाळणी न घालता बहिणीचा महाराज पळवायला गेलास. आई असती तर तुला गोठ्यात कोंडलं असतं. लुगडं मिळालं. सुरेख आहे. पण मी ते नेसणार नाही, महाराज येईपर्यंत घडी मोडायची नाही असं ठरवलं आहे.

आता माझं नीट ऐक. २४ डिसेंबरला आमच्या भजनी मंडळाच्या चाळीस बाया टाळ-मृदंग घेऊन तुझ्या कॉलनीत मुक्कामाला येतील. आम्हाला रोज सकाळी दशम्या लागतात आणि आम्ही पहाटे चारला काकडा म्हणतो. महाराजांना घेऊनच परत फिरू. तुझ्या सुनंदेला सांगून ठेव, कणीक जास्त मळावी लागेल.

तुझी
अक्का

निर्मल
१ डिसेंबर

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

बाया पाठवू नकोस. सुनंदा तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तोड सापडली आहे आणि ती मला सुचलेली नाही, हे आधीच कबूल करतो.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक लहान चर्च आहे. तिथल्या पाळकांना सगळे अय्यगारू म्हणतात. सकाळी फिरायला जातो तेव्हा भेटतात. मी माझं रडगाणं गायलं, तर ते हसायलाच लागले. त्यांच्याकडेही हीच गत. प्रवचन सांगणारे मिळत नाहीत म्हणून या एका माणसावर तीन गावांची चर्च आहेत. एक इथलं, एक आदिलाबादच्या अलीकडचं आणि एक बेल्याच्या पुढे, तुमच्यापासून सहा कोसांवर. एरवी एका रविवारी एका गावाला जातात. बाकीची दोन गावं बाकांवर बसून, एखादं गाणं म्हणून घरी जातात. पण नाताळला तिन्ही गावांना ते हवेच असतात. मग एकाच दिवशी, जीपमधून, वेळ वाटून. पहाटे इथे, दुपारी तिथे, संध्याकाळी बेल्याच्या पुढे.

मला म्हणाले, "गिरदावरसाब, हम नहीं पहुँचे तो भी लोगाँ दुआ कर सकते. मगर हम आए बगैर हुई बोलके मानतेच नहीं." ते आल्याशिवाय प्रार्थना झाली असं लोक मानतच नाहीत, हे मला बरोबर वाटलं. आपलंही तेच आहे.

तर योजना अशी. सकाळी सातला आमच्याकडे कीर्तन, नऊला संपलं. साडेनऊला महाराज अय्यगारूंच्या जीपमध्ये. बोरगव्हाण त्यांच्या वाटेवरच आहे. वाटेतली त्यांची छोटी प्रार्थना धरूनही दुपारी एकपर्यंत महाराज तुझ्या देवळात उभे. दोन्ही नारळ फुटतील, नेम राहील, माझी अब्रू राहील.

ही तुझी ओवाळणी समज. उशीर झाला, पण ताटात पडली.

तुझा
वामन

बोरगव्हाण
७ डिसेंबर

चि. वामन यास आशीर्वाद.

मान्य. काला दुपारी एकला ठेवते. साडेनऊ म्हणजे साडेनऊ, तुमच्या कचेरीतले साडेनऊ नव्हेत. अय्यगारूंना माझा नमस्कार सांग. जीपमध्ये महाराजांना मफलर बांधायला लाव आणि काही गार खाऊ घालू नकोस, थंडीचे दिवस आहेत.

तुझी
अक्का

निर्मल
२६ डिसेंबर

ती. अक्कास नमस्कार.

आमचा काला अपूर्व झाला. व्यंकटेशनेच स्वतः महाराजांना पुन्हा पुन्हा विनंती करून कीर्तन लांबवलं. नंतर छोटासा सत्कार, निर्मलचा लाकडी मोर, शाल, चार भाषणं. थोडा अल्पोपहार. आर्केस्ट्राचा विषय आता कोणी काढत नाही.

महाराज इथून निघायला किंचित उशीर झाला. त्यांचा आवाज किंचित जड वाटत होता. पण तुमच्याकडे सगळं वेळेवर पार पडलंच असेल. फोन लागत नाही. दोनदा पारावरच्या एकाला लावला, तर तो नुसता हसला आणि त्याने ठेवून दिला. कळवावे.

तुझा
वामन

बोरगव्हाण
२९ डिसेंबर

चि. वामन यास आशीर्वाद.

किंचित उशीर म्हणजे साडेबारा. अल्पोपहार म्हणजे दोन वाट्या गुलाबी आइस्क्रीम. मला सगळं अय्यगारूंनी सांगितलं. ते बिचारे तुमच्या मांडवाबाहेर तीन तास जीपमध्ये बसून होते.

आता इथलं ऐक. एकपासून सगळं गाव देवळात. हंडी टांगलेली, ज्वारीच्या लाह्या दह्यात पडायची वाट बघत होत्या, वांग्याची भाजी दोन चुलींवर शिजून तयार. काला झाल्याशिवाय कोणी घास घेत नाही. दोन वाजले, तीन वाजले. वीणेचे पहारे एकपर्यंतच वाटलेले, त्यामुळे पुढे कोणाची पाळी तेच ठरलेलं नाही. पंकज सरपंचाने फोटोपुरती वीणा हातात घेतली आणि मग ती त्याच्याकडून घ्यायला कोणी पुढे येईना. तासभर उभा होता बिचारा. नंतर वेचणीवरून आलेल्या बायांनी ती घेतली. कमरेला कापसाच्या ओट्या तशाच बांधलेल्या.

साडेतीनला राजकुमार माझ्याजवळ आला. म्हणाला, "आई, लोकं उपाशी हायेत, लेकरं रडून राह्यले. वीणा ठेवून देऊ. देव काई रागावत नाई." सांगते तुला, त्या वेळी माझी हिंमत गेली होती. पोरगं खोटं बोलत नव्हतं. मला तुझा इतका राग आला की समोर असतास तर टाळ फेकून मारला असता. मी म्हटलं, "आन इकडं ते वीणा. माह्या हातून पडली तर पडली, पण मी ठेवत नाई." आणि वीणा गळ्यात घालून उभी राहिले.

चारला जीप आली. महाराज उतरले, मफलरमध्ये डोकं, हातात तो मोर. देवासमोर उभे राहिले, टाळकऱ्यांनी ठेका धरला, महाराजांनी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. पुन्हा हवा. तू ऑक्टोबरमध्ये त्यांच्या घशाबद्दल लिहिलं होतंस ते देवाने वाचलं असावं. फक्त पोचायला डिसेंबर लागला.

ठेका तसाच चालू राहिला. आणि महाराजांचं पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. मी मुद्दाम काही केलं नाही. तोंडाला पदर लावायचा होता, पण दोन्ही हात वीणेत अडकलेले. महाराजांनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता रागावतात. त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला, आणि स्वतः टाळ घेऊन मागे उभे राहिले.

तर मी सांगितलं. मी कीर्तन केलं असं म्हणू नकोस, मी फक्त त्यांचं त्यांना आठवून दिलं. ते जिथे खोकतात तिथे माझ्याही घशात खोकला आला. फक्त एका जागी बदल केला. ते दरवर्षी कवडीचुंबक सुनेचा विनोद सांगतात, तो मला एकतीस वर्षांत कधी आवडला नाही. त्या जागी मी एका भावाची गोष्ट सांगितली. बहिणीच्या शिंक्यावरचं लोणी चोरायला तो भाऊबीजेच्याच दिवशी गेला आणि पायाला सूज आली म्हणून सांगत राहिला. म्हटलं, चोर काही फक्त गोकुळातच नसतात, काही निर्मललाही असतात. लोक असे हसले की वरचा कावळा उडाला. मयूरीने अय्यगारूंना अर्थ सांगितला, तर ते सगळ्यांच्या मागून एकटेच पुन्हा हसले. आता तू फोन केलास की पार का हसतो, ते तुला कळलं असेल.

हंडी फुटली. अय्यगारूंनी ओंजळीत दहीलाह्या घेतल्या आणि उभ्या उभ्या खाऊन पुढच्या गावाला निघाले, त्यांची माणसंही वाट बघत होती. मग मी वीणा खाली ठेवली. सूर्य बुडायला थोडा वेळ होता. वामन, ती ठेवल्यावर माझे हात वर उचलेनात, आणि मी लहान पोरीसारखी रडले. तुझे भाऊजी असते तर काही बोलले नसते, पण पानसुपारीचं तबक आधी माझ्यापुढे धरलं असतं.

रात्री तुझं लुगडं नेसले. रंग खरंच चांगला आहे.

तुझी
अक्का

निर्मल
६ जानेवारी २०२७

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

गोष्ट इथपर्यंत पोचली आहे. भाग्यश्रीच्या मोबाईलवर तुझं कीर्तन आलं आणि कॉलनीतली लहान पोरंही माझ्या पायाची चौकशी करतात. माझी चूक झाली. आइस्क्रीम मीच सुचवलं होतं, तेही कबूल करतो. तू वीणा गळ्यात घालून उभी होतीस हे वाचलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.

अय्यगारू भेटले. त्या दिवशी ते शेवटच्या गावी पोचले तर त्यांच्या माणसांनी त्यांच्याविनाच सुरू करून टाकलं होतं. एक म्हातारी प्रार्थना सांगत होती. ते मागच्या बाकावर बसून राहिले. त्यांना आनंद झाला की काळजी वाटली, ते मला नीट कळलं नाही.

पंढरी महाराजांनी मला निरोप पाठवला आहे की या वर्षी ते कुठलाच नारळ घेणार नाहीत, गुडघ्यांना विश्रांती देणार. व्यंकटेश आणि सगळ्या मंडळाने ठराव केला. सोबत नारळ पाठवतो आहे. काला २५ डिसेंबर, कीर्तनकार ह.भ.प. जयवंताबाई, म्हणजे तूच. नाही म्हणू नकोस. मी छातीवर हात ठेवून सांगून बसलो आहे.

तुझा
वामन

बोरगव्हाण
१४ जानेवारी

चि. वामन यास आशीर्वाद. तिळगूळ घे, गोड बोल. तुला दोन वड्या जास्त पाठवल्या आहेत, तुला गरज आहे.

नारळ मिळाला. पण काय करू, माझ्या घरात आता तो तिसरा. एक आपल्या गावचा, तिथीचा. दुसरा नदीपलीकडून आला, महाराजांच्याच गावचा. वनमालाबाई स्वतः घेऊन आल्या होत्या. तिसरा तुझा. आणि मी एकटीच आहे.

मी त्यांना सांगून पाहिलं की मला काही येत नाही, ते महाराजांचं आहे. वनमालाबाई म्हणाल्या, त्यांनाही ते त्यांच्या गुरूंच्या समोर बसून बसून आलं. आता रोज संध्याकाळी मयूरी आणि अजून दोन मुली माझ्यासमोर बसतात. मी सांगते. परवा मयूरीचे ओठ माझ्या आधी हलले. मी तिला रागावले नाही.

तुझ्या नारळाचं सांगते. पंचांग पाहिलं, या वर्षी दत्तजयंती डिसेंबरच्या मध्यावर येते, तेव्हा तुमचा आणि आमचा काला धडकत नाही. नदीपलीकडचा आमच्याशी धडकतो. त्यामुळे विचार चालू आहे. घाईत निर्णय घेऊ नये.

मधल्या काळात तुझ्या व्यंकटेशला माझ्याबद्दल खरं काय ते सांगून ठेव. गुडघे गेले आहेत. घसा केव्हा बसेल याचा नेम नाही. मधेच विसरते. आणि जिथे मुक्काम करते तिथे घोरते, हे सुनंदाही सांगेल. इतकं ऐकूनही तुम्हाला मी हवी असेन, तर भाऊबीजेला ये. दोन्ही पायांनी ये. आधी मी ओवाळीन, मग नारळाचं बघू.

तुझी
अक्का